आक्का बसतील अशी गाडी

ये गं, इकडं ये. अशी जवळ सरक. उंबऱ्यात उभं राहून खुशाली विचारायची आणि तिथनंच पाय मागं वळवायचे, ही कुठली रीत? मागच्या खेपेला आलीस तर चपलासुद्धा काढल्या नाहीस, चहा निम्मा टाकून पळालीस. मी काय खाते का तुला? बस नीट. मांडी घाल. आणि तो फोन उपडा ठेव, तो काही रुसत नाही.

तर तुझं म्हणणं असं, की जुनी गाडी घ्यायची, नीटनेटकी करायची आणि रोजच्या जाण्यायेण्याला वापरायची. आणि घेताना काय बघून घ्यावं हे मावशीला विचारायचं! अगं, माझा जन्म लोकांच्या पोळ्या लाटण्यात गेला. मला गाडीतलं काय कळतंय? पण एक जुनी गाडी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर चैत्रापासून दिवाळीपर्यंत दुरुस्त झाली, ती मी बघितली. बघितली म्हणजे काय, पोळ्या करपल्या बघताना. कारण ती करणारा माणूसच असा होता की गाडी राहिली बाजूला, त्याच्याकडंच बघत बसावं. आमचे मालक. म्हणजे घरमालक.

पेठेतलं हे पुढचं घर त्यांचं, मागं गोठा, आणि मधल्या अंगणाच्या कडेला या माझ्या दोन खोल्या. धंदा दुधाचा. उंच, वाळके, खांद्यावर टॉवेल कायम. आणि बोलणं सगळं उलटं. माणसांना अरेतुरे आणि जनावराला अहोजाहो. म्हशीला म्हणायचे, "बाई, उठा की आता, किती वाट बगायची?" आणि दारात मोठा पुढारी उभा राहिला तर, "काय रं, काय काढलंस?" मी एकदा विचारलं, मालक, हे असं का? तर म्हणाले, "वैनी, म्हैस मला पोसती. त्यो काय करतोय?" यावर तू काय बोलणार सांग.

त्यांची म्हैसही तशीच तालेवार. दिवाळीच्या पाडव्याला आपल्याकडं म्हशी पळवतात ते तू बघितलंयस. शिंगं रंगवायची, गळ्यात घुंगुरमाळ घालायची, आणि मालकानं सायलेन्सर काढलेली मोटरसायकल फाडफाड वाजवत पुढं काढायची. रस्त्यात असल्या किती तरी गाड्या वाजत असतात, तरी म्हैस आपल्याच मालकाच्या आवाजामागं धावते. मालकांची म्हैस तर रोजच त्या मोटरसायकलमागं चालत कट्ट्यावर जायची. तिथं गिऱ्हाईक ग्लास घेऊन उभं असायचं, समोर धार काढायची आणि फेसासकट प्यायचं. तिचं रेडकू जगलं नव्हतं, तर ती गाडीचा आवाज ऐकून पान्हा सोडायची. आवाज आला की उभी राहणार, कान मागं टाकणार, आणि दूध. हे ध्यानात ठेव.

त्याच मोटरसायकलवरनं मालकांच्या बायकोला, आमच्या आक्कांना, पडणं आलं. रंकाळ्याच्या पुढं, गगनबावड्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर एक गतिरोधक आहे. रंग उडालेला, दिसतच नाही. आक्का मागं एका बाजूला पाय सोडून बसलेल्या, मांडीवर भाजीची पिशवी. गाडी उडाली आणि आक्का रस्त्यावर. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, आत सळी बसली. डॉक्टर म्हणाले, चाला, फिरा, काही होत नाही. घरात काठी टेकत चालायच्या, अगदी स्वयंपाकसुद्धा करायच्या. पण गाडी म्हटली की संपलं. एकदा रिक्षा आणली तर दाराची चौकट अशी धरली की आम्ही दोघी-तिघींनी बोटं सोडवायचा नाद सोडला.

आणि आक्कांचा एकुलता भाऊ कुठं, तर गगनबावड्याजवळच्या एका वाडीत. थोरला. त्याचे पाय गेलेले, तो खाली येऊ शकत नव्हता. त्या पडल्यापासून दोन भाऊबीजा तशाच गेल्या. फोनवर तो विचारायचा, "औंदा तरी येतीस न्हवं?" आक्का म्हणायच्या, "बगू की." फोन ठेवल्यावर मग बराच वेळ उगीच तांदूळ निवडत बसायच्या. निवडलेलेच.

मालकांनी मोटरसायकल विकली, ती बोळातल्याच एकाला, धारेच्या वेळी येऊन वाजवायच्या बोलीवर. पडण्याविषयी एक शब्द त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. म्हशीपुढनं मुकाट्यानं चालत कट्ट्यावर जायचे, ती मागं राहायची, हे थांबायचे, ती थांबायची. सगळी पेठ हसायची.

मग गुढीपाडवा झाला आणि मालक हातात उसाचं एक कांडकं घेऊन बाहेर पडायला लागले. रोज. आज सांगली रस्ता, उद्या जयसिंगपूर, परवा कागल. मला काही कळेना. ऊस खायचा तर घरी खावा की! विचारलं तर म्हणाले, "गाडी बगतोय." पुढं मिस्त्रीनं सांगितलं तेव्हा उलगडा झाला. मिस्त्री म्हणजे आमच्या बोळातले गॅरेजवाले, तीन पिढ्यांचं गॅरेज, मालकांचे जोडीदार आणि रोजचे भांडखोर. तर मालकांनी आक्कांच्या पलंगाची उंची उसावर मोजून कांडकं तोडलं होतं. जुन्या गाड्यांच्या अड्ड्यावर जायचे, दार उघडायचे, पाय ठेवायच्या जागेपासनं सीटपर्यंत ऊस लावायचे, आणि "न्हाई" म्हणून पुढच्या गाडीकडं. इंजिन बघितलं नाही, टायर बघितले नाहीत. विकणारे म्हणायचे, "पावणं, ऊस इकायला आलायसा का गाडी घ्याला?"

मी म्हटलं, मालक, कार घ्यावी की, आरामात बसतील. तर माझ्यावरच डाफरले. "कारमधी वाकून शिरावं लागतंय. खुब्यातली सळी वाकू देती व्हय? ह्यात कसं, पायरी चडली, बूड टेकलं, झालं."

ह्यात म्हणजे पिकअपमध्ये. शेवटी ऊस बरोब्बर बसला तो हुपरीच्या एका चांदीवाल्याच्या जुन्या पिकअपमध्ये. ती अंगणात आली तेव्हा माझ्या फडताळातली भांडी हलली. मूळचा रंग पांढरा असावा. एक दार निळं, दुसऱ्याच कुठल्या गाडीचं. खालचा पत्रा गंजून भोक पडलेलं, त्यातनं फरशी दिसायची. आणि सायलेन्सर फुटका, त्यामुळं आवाज असा की पलीकडच्या बोळातलं पोर रडत उठलं.

आक्का खिडकीत. "ह्ये काय आनलंसा?"

"पावणं हाय."

"कुनाकडं आलंय?"

"तुज्याकडंच. बसू दे सध्या."

"बसू दे की. मी न्हाई बसनार त्यात."

"तुला कोन म्हनलं?" असं म्हणून मालक टॉवेलनं काच पुसायला लागले.

गाडीला ते पावणंच म्हणायचे. घरी आलेलं नवीन काहीही असो, कुकर असो, भाडेकरू असो, तो पावणा. मलाही सुरुवातीला तसंच म्हणायचे. पावण्याला बोलायचं नाही, त्याच्यावर ओरडायचं नाही, त्याच्या खोडी गप ऐकून घ्यायच्या. ज्या दिवशी पहिली शिवी देतील त्या दिवशी तो घरचा. मी घरची झाले ती नळ चालू ठेवल्याबद्दल, पण ते राहू दे.

मिस्त्रीचं म्हणणं होतं, गाडी गॅरेजला लावा, एकदम सगळी खोलतो, दोन आठवड्यांत नवरीसारखी करून देतो. मालक ऐकेनात. "एका टायमाला एकच. समदं एकदम बदललं तर गुन कुनाचा आनि खोड कुनाची, कळनार कसं?"

"आवं मालक, गाडी हाय का सून हाय?"

"तू पाना धर."

आणि काय बदलायचं ते कोण ठरवणार? मिस्त्री नाही, मालक नाही. आक्का! ही मला सगळ्यात मोठी गंमत वाटायची. गाडी रोज वापरायचीच, हा मालकांचा हट्ट. दुधाच्या किटल्या, कडबा, पेंड, कट्टा, देऊळ, दाढी करायला जायचं तरी पिकअप. आणि कट्ट्यावर जाताना मागचा हौदा मोकळा, मालक पुढं बसलेले, गाडी पायी चालण्याच्या वेगानं आणि मागं म्हैस चालत! लोक ओरडायचे, "मालक, म्हशीला हौद्यात घ्या की!" मालक खिडकीतनं तोंड काढून, "का? तिला काय झालंय? चालती की!" वळण आलं की गाडी थांबवून खाली उतरायचे, पलीकडं बघून यायचे, मग वळायचे. म्हणायचे, आरसा मागचं दावतोय, पलीकडचं कोन दावनार? मागं वाहनांची रांग. त्यात म्हैस.

तर त्या रोजच्या फेरीनंतर गाडी आक्कांच्या खिडकीखाली यायची. इंजिन चालूच. मालक एवढंच विचारायचे, "आता?"

आक्का डोळे मिटून ऐकायच्या. "मागच्या अंगाला कायतरी रडतंय."

मिस्त्री खाली शिरायचा. पाट्यातलं, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगमधलं, रबर झिजलेलं निघायचं. ते बदललं की आठवडाभर गाडी पळवायची, मग पुन्हा खिडकीखाली. "आता?"

"दाताखाली खडा आल्यागत करतंय."

आवाज नक्की कुठनं येतो ते ऐकायला मालकांना माझं लाटणं लागायचं. एक टोक इंजिनला, एक कानाला. मी देणार नाही म्हटलं, तर विचारून न्यायच्याऐवजी न विचारता न्यायला लागले. पोळ्यांची गिऱ्हाइकं विचारायची, मावशी, आज तेल बदललंय का? शेवटी मी नवं लाटणं आणलं आणि जुनं गाडीला देऊन टाकलं.

आक्कांच्या कानाविषयी मला आधी शंका होती हां, खोटं कशाला बोलू. एकदा त्या म्हणाल्या, "निळ्या दारात घुंगरू वाजतंय." आम्ही सगळ्यांनी ऐकलं, कुणालाही काही ऐकू येईना. मिस्त्री वैतागला. "आक्का, म्हशीच्या गळ्यातलं आयकू येत असंल." आक्का म्हणाल्या, "म्हशीचं मला ठावं न्हाई व्हय?" दाराचं आतलं पुठ्ठं खोललं. आणि काय सांगू, आतल्या पोकळीत चांदीचं घुंगरू. हरभऱ्याएवढं. हुपरीच्या त्या माणसाचे पैंजण ने-आण करताना कधी तरी सुटून काचेच्या फटीतनं आत पडलेलं.

मालक ते तळहातावर घेऊन उभे राहिले. म्हणाले, "पावण्याचं सामान ऱ्हायलंय." आणि ते एवढंसं घुंगरू परत द्यायला पिकअप घेऊन हुपरीला गेले! त्या चांदीवाल्याला वाटलं, गाडी परत करायला आलेत. दाराआड लपला म्हणे. येताना मात्र पिकअप भर रस्त्यात बंद पडली. बंद पडली म्हणायचं नाही, 'बसली' म्हणायचं, हाही मालकांचा नेम. उन्हात बसली, उठेना. तिथं मालकांनी तिला जी शिवी दिली ती मी तुला सांगणार नाही. मिस्त्री दोरानं ओढत आणायला गेलेला, त्यानं ऐकली. गाडी फाटकातून आत आली तसा तो मोठ्यानं ओरडला, "आक्का, पावणं घरचं झालं!"

आषाढ गेला, श्रावण गेला. खालचा पत्रा झाला, ब्रेक झाले, दारं गप बसली. पायरी बसली, धरायला दांडा बसला, तोही आक्कांच्या काठीच्या मुठीसारखा वाकवलेला. आणि माझ्या एक ध्यानात यायला लागलं. आक्कांचे आवाज बारीक होत चालले होते. आधी 'रडतंय' होतं, मग 'कुजबुजतंय', मग 'श्वास लागल्यागत करतंय'. एका दुपारी मी त्यांच्याजवळ भाजी निवडायला बसले होते. म्हटलं, आक्का, गाडी चांगली झाली की आता.

"झाली की," त्या म्हणाल्या. "त्येच तर."

मग मला कळलं की त्या आवाज शोधत नव्हत्या, दिवस काढत होत्या. आणि आवाज संपत आले होते.

राहिला फक्त सायलेन्सर. सगळ्यांना माहीत होतं, कुणी बोलत नव्हतं. कारण म्हशीनं मोटरसायकल विसरून या गाडीचा गडगडाट आपला मानला होता. गाडी बोळात शिरली की गोठ्यात उभी राहायची, पान्हा तयार. मिस्त्री म्हणायचा, पासिंगला ही अशी चालणार नाही, कधी तरी बदलावाच लागणार. मालक म्हणायचे, बगू.

दसरा जवळ आला तेव्हा आक्कांनीच तो विषय काढला. "असल्या आवाजात मी दादाच्या दारात जानार न्हाई. त्यो म्हनंल, भन आली का रोडरोलर आला?"

मालकांनी टॉवेल झटकला. "सायलेन्सर बदलला तर जाशील?"

आक्का म्हणाल्या, "बदला तर आदी."

मला वाटतं, त्यांना खात्री होती की मालक म्हशीसाठी तो बदलणार नाहीत. दुधावर घर चालायचं. मालकांनी दुसऱ्याच दिवशी बदलला.

गाडी अशी आली म्हणून सांगू, मांजर आल्यासारखी. मला वाटलं, ढकलत आणली की काय. पण गोठ्यात म्हैस बसलेलीच. मालक म्हणाले, "बाई, आलोय की." उठवली तर उठली, पण आचळाला हात लावला तर थेंब नाही. पान्हा चोरला. संध्याकाळी नाही, सकाळी नाही, पुन्हा संध्याकाळी नाही. कट्ट्यावरची माणसं रिकामे ग्लास घेऊन परत गेली. मालकांनी काय काय केलं! तोंडानं आवाज काढून बघितला. एवढा वाळका उंच माणूस म्हशीपुढं उकिडवा बसून फाडफाडफाड करतोय आणि ती मान वळवून त्याच्याकडं बघतीय, जणू याला काय झालं म्हणून. मी पदर तोंडात धरून हसले, आणि मग हसायचं थांबले, कारण तिची कास दगडासारखी झाली होती.

मिस्त्री कळवळून म्हणाला, "मालक, काडतो की परत. धा मिन्टाचं काम हाय."

"न्हाई."

"म्हैस बिगडंल."

"न्हाई म्हनलं न्हवं."

हे सगळं खिडकीच्या समोर चाललेलं. आणि खिडकीतनं आक्कांचा आवाज आला, मोठ्ठा. "मुक्या जनावराचं हाल चालवल्यात! बाजूला व्हा तिकडं!" अंगणाकडचं दार उघडलं. काठी आधी आली, मग आक्का. अंगणात उतरायच्या पायऱ्या. पडल्यापासून त्या पायऱ्यांना त्यांचा पाय लागला नव्हता. मी धावले तर म्हणाल्या, "कुनी हात लावायचा न्हाई," आणि माझा खांदा असा घट्ट धरला की बोटं उमटली. मालक? ते जागचे हलले नाहीत. बघतसुद्धा नव्हते. दावं सोडून बांधत बसले होते.

आक्का स्टुलावर टेकल्या, कासेला कोमट पाणी लावलं, तेलाचा हात फिरवला. "काय गं भवाने, कुनावर रुसलीस? माज्यावर व्हय?" पडायच्या आधी गोठ्यातली धार त्याच काढायच्या, हे मी विसरूनच गेले होते. म्हैस विसरली नव्हती. थोडा वेळ काही नाही. मग किटलीत एक धार वाजली. मग दुसरी.

आणि तेवढ्यात फाटकाबाहेर गाडी सुरू झाली. हळू, नुसती गुरगुरत. आक्कांची मान एकदम ताठ झाली, पण हात थांबले नाहीत. हात थांबले असते तर म्हैस थांबली असती ना.

त्या दिवसापासून रोज तसंच. आक्का धार काढायच्या आणि मालक गाडी सुरू करून ठेवायचे. आज फाटकाबाहेर, चार दिवसांनी फाटकाच्या आत, मग चिंचेखाली. धनत्रयोदशीपर्यंत गाडी गोठ्याला येऊन चिकटली, आणि स्टूल डगमगतंय म्हणून आक्का चक्क गाडीच्या पायरीवर बसून धार काढायला लागल्या. पाठीला चालू इंजिन. म्हशीला त्या गुरगुरीची सवय झाली, आवाज आला की उभी राहायला लागली. आणि सवय एकट्या म्हशीला झाली नाही, ते तू ओळखलंस.

मला राहवेना. मालक कडबा उतरवत होते, त्यांना धरलंच. म्हटलं, खरं सांगा, हे तुम्ही आधीपासनं ठरवलं होतं का? सायलेन्सर बसवायचा, म्हैस अडणार, आक्का बाहेर येणार?

पेंढी खांद्यावर तशीच. म्हणाले, "वैनी, म्हशीला शिकवायचं आसंल तर तिला कळू द्याचं नसतं, आपुन शिकवतोय म्हनून."

"मी म्हशीचं नाही विचारत."

"मीबी म्हशीचंच सांगाय लागलोय," असं म्हणून निघून गेले. आता यातनं काय समजायचं? मी अजून ठरवू शकलेले नाही. कधी वाटतं, सगळं ठरवून केलं. कधी वाटतं, छे, म्हशीपुढं फाडफाड करत बसलेला तो माणूस खरोखरच हबकलेला होता.

भाऊबीजेला सकाळी आक्का नवं लुगडं नेसून, ताट, निरांजन, करंज्यांचा डबा सगळं घेऊन तयार. मला बरोबर घेतलं होतं, आधाराला. एक पाय पायरीवर ठेवला, दांडा धरला, आणि थांबल्या. थांबल्या म्हणजे दगड झाल्या. वर जाईनात, खाली येईनात. बोळातली माणसं आपापल्या दारात उभी राहून दुसरीकडंच बघायला लागली.

मालक स्टेअरिंगवर बसून म्हणाले, "वैनी, तुमी या हिकडनं. आपुन दोगंच जाऊन येऊ. ताट घ्या तेवडं. मी ववाळतो दादाला."

"तुमी?" आक्का फिरल्या. "तुमी ववाळनार? माज्या भावाला? कुक्कू कपाळाला लावत्यात का हनुवटीला, त्ये तरी ठावं हाय का?" आणि बोलता बोलता वर. बसल्यावर त्यांना कळलं, बसलो म्हणून.

मी मधे, गिअरचा दांडा माझ्या गुडघ्याला लागतोय, आक्का खिडकीशी. रंकाळा मागं गेला. तो गतिरोधक यायच्या आधीच मालकांनी गाडी कडेला घेतली आणि थांबवली. आक्कांनी माझा हात धरला होता. मालक समोर बघत म्हणाले, "आलाय. काय करायचं?"

आक्कांनी काठी उचलली. मग म्हणाल्या, "मी चालत जातो."

आणि उतरल्या. काठी टेकत त्या गतिरोधकापाशी गेल्या, त्याच्याकडं जरा बघितलं, काठीनं एकदा ठोकला, आणि ओलांडून पलीकडं जाऊन उभ्या राहिल्या. सणाचा दिवस, मागं गाड्याच गाड्या, सगळे हॉर्न वाजवतायत. मालकांनी खिडकीतनं मागं हात केला, "थांबा की! आमचं मानूस रस्ता वलांडतंय!" मग पिकअप मुंगीच्या पावलानं त्या उंचवट्यावरनं नेली, आक्कांच्या पुढ्यात थांबवली. त्या दांडा धरून आपल्या आपण चढल्या. म्हणाल्या, "जावा आता. हितनं पुडच्याला उतरायचं न्हाई मला." आणि पुढचे सगळे गतिरोधक बसून काढले, प्रत्येक वेळी करंज्यांच्या डब्याचं झाकण दाबत.

गगनबावड्याला धुकं होतं. भावाचं घर रस्त्याच्या खाली, शेवाळलेल्या जांभ्याच्या पायऱ्या. आक्का उतरू शकत नाहीत, भाऊ चढू शकत नाही. एवढं येऊन आता काय, असं होऊन मी मालकांकडं बघितलं. तर खालनं पुतण्यांनी म्हाताऱ्याला खुर्चीसकट उचलून आणलं. मालकांनी मागचा फाळका पाडला, हौद्यात घोंगडं घातलं, पाट मांडला. पत्र्यावर मी रांगोळीची चार बोटं ओढली. भाऊ-बहीण हौद्यात समोरासमोर बसले, घरातल्या घरात बसावेत तसे.

भाऊ म्हणाला, "आलीस व्हय?"

"आलो की."

"सकाळपास्नं कान लावून बसलोय. गाडी आल्याली कळलीच न्हाई बग."

"आवाज काडून टाकलाय ह्यांनी. मग कळलं कसं तुला?"

"शेनाचा वास आला. म्हनलं, भनच."

आक्कांनी त्याला ओवाळायच्या आधी एक चापट मारली. मग निरांजन लावलं. वाऱ्यानं विझत होतं, तर दोन्ही हातांनी आडोसा भाऊच करत होता. मालक तिथं नव्हते. गाडीच्या पुढं जाऊन दिव्याची काच पुसत होते. एकच काच. मी हाक मारली, या की, करंजी घ्या. म्हणाले, "व्हा म्होरं, धुकं लई बसलंय हिच्यावर." धुकं होतंच म्हणा.

त्या भावाच्या आणखी दोन भाऊबीजा झाल्या, दोन्ही हौद्यातच. मग तो गेला. आणि गेल्या पावसाळ्यात मालक गेले, दुपारी झोपले ते उठलेच नाहीत. दिवस होईपर्यंत लोक म्हणत होते, आता गाडी भंगारात, म्हैस बाजारात. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध घ्यायला गेले तर म्हैस अडलेली. तेरा दिवस मिस्त्री येऊन गाडी सुरू करून जायचा, त्या दिवशी तो आला नव्हता, मग आवाज कुठला? आक्कांनी कमरेची किल्ली काढली, दांडा धरून मालकांच्या बाजूनं चढल्या आणि गाडी सुरू केली. म्हैस उभी राहिली. आक्का खाली उतरून धारेला बसल्या. रोज असंच.

रोज सुरू करायची आणि जागच्या जागी ठेवायची, हे इंजिनाला बरं नव्हे असं मिस्त्रीच म्हणाला एकदा. ते आक्कांनी मनावर घेतलं. आता पहाटे तो शेजारी बसतो, जीव मुठीत धरून, आणि आक्का गोठ्यापासनं फाटकापर्यंत गाडी आणतात. फाटकाशी थांबून उतरतात, पलीकडं बघून येतात.

बरं, निघ आता, तुझी वेळ झाली. गाडीचं तू माझं ऐकून काय घेणार, पण आक्कांचं ऐक. तुझ्याविषयी सारखं विचारतात. लवकर ये. सकाळची ये, ताजं दूध पिऊन जा. फक्त फाटकातून आत शिरायच्या आधी बाहेरनं मोठ्यानं हाक मार आणि भिंतीला लागून उभी राहा. आक्का या आठवड्यापासनं रिव्हर्स शिकायला लागल्यात.